कातळावर मे महिन्यात या : चारा संशोधकांना एक खुलं पत्र

प्रति,
चारा पिकांवर आणि वाळवंटी वनस्पतींवर संशोधन करणारे सर्व शास्त्रज्ञ

सप्रेम नमस्कार.

पेंढ्याची उडवी निम्म्याच्या खाली आली की मला रात्रीची झोप लागत नाही. यंदा ती महाशिवरात्रीच्या आधीच खाली आली. मग पेंढी मोजून काढायची, पावसाला किती दिवस उरले ते भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोटाने मोजायचं आणि फोंडा घाट उतरून कडब्याचा नाहीतर उसाच्या वाड्याचा ट्रक कुणाकडे येणार आहे त्याची चौकशी करत फिरायचं. दर वर्षीचं आहे. म्हणून हे पत्र.

मी देवगड तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या कातळमाळावर, राहते. गोठ्यात तीन कपिला गायी, एक म्हैस आणि दोन पाड्या. रत्नागिरीला वनस्पतिशास्त्र शिकले, लग्न करून इथे आले आणि गेली पंधरा वर्षं शेणामातीत आहे. त्यामुळे तुमचे शोधनिबंध अडखळत का होईना वाचता येतात, आणि गाईचं पोट भरलंय की नाही ते तिच्या डाव्या भकाळीकडे, बरगड्यांमागच्या खळगीकडे, बघून कळतं. या दोन गोष्टी एकाच माणसाला येत असल्या की डोक्याला ताप होतो. तो ताप आज तुमच्याकडे पाठवतेय.

माझं म्हणणं थोडक्यात असं की कोकणचा सडा हे सात महिन्यांचं वाळवंट आहे आणि तुम्ही त्याला तसं मोजत नाही.

पावसाच्या आकड्याने घोळ होतो. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जोधपूरला साडेतीनशेच्या आसपास. नकाशावर आम्ही गडद निळे, ते पिवळे. पण आमचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो आणि पडतो तो जांभ्यावर. सड्यावर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर, कुठे नाहीच. पाणी भेगांतून खाली जातं नाहीतर कातळावरून घरंगळत व्हाळाला मिळतं. नवरात्र सरलं की गवत पिवळं पडायला लागतं आणि फेब्रुवारीत दुपारी त्या कातळावर अनवाणी पाय ठेवून बघा. ढगातून किती पडलं याची नोंद ठेवणारे पुष्कळ आहेत. मुळाशी ते किती दिवस राहिलं, हे आमच्या सड्यासाठी कुणी मोजलेलं मी तरी वाचलेलं नाही.

सातबाऱ्यावर ही जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. त्या एका शब्दाने तिचं काम तमाम होतं. त्याच कातळात सुरुंग लावून, खड्डे मारून, बाहेरून माती आणून लोकांनी हापूस उभा केला, कारण आंब्याला पेटीचा भाव आहे. गवतासाठी सुरुंग कोण लावणार? लावूही नये, ते पुढे सांगते.

आता नेपियरची गोष्ट. सात-आठ वर्षांपूर्वी चाऱ्याच्या एका योजनेतून आम्हाला संकरित नेपियरची ठोंबं मिळाली. मिळाली ती एका प्रात्यक्षिकातून, आणि तो प्लॉट होता विहिरीच्या कठड्याला लागून. पंप चालू, गवत माणसापेक्षा उंच, अधिकारी खूश, आम्हीही खूश. मी घरी आणून बांधावर लावली. पावसात ती अशी काही माजली की कापून हात दुखले, आणि तेव्हा नेमकी गुरांना त्याची गरज नव्हती, कारण जुलैत सड्यावर पाऊल टाकाल तिथे हिरवंच. जानेवारीपर्यंत तग धरला. मग आमच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं. माणसांना प्यायला की नेपियरला, असा प्रश्न पडला तेव्हा उत्तर द्यायला कुणाला विचारावं लागलं नाही. शिमग्यापर्यंत ठोंबं वाळून कोळ. नेपियरला मी दोष देत नाही. हत्ती गवत आणि बाजरी यांचा तो संकर, पाणी दिलं तर त्याच्यासारखं देणारं दुसरं नाही. पण ज्या घरात एप्रिलमध्ये पाणी आहे त्या घराला चाऱ्याची चिंता मुळात कमीच असते.

पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया मी करते. शंभर किलोला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, एकवीस दिवस दाबून झाकून ठेवायचा. गाय आवडीने खाते. पण भाताचा पेंढा तो पेंढाच.

शिकताना आम्हाला सांगायचे की उन्हाळी, कोरड्या प्रदेशातली गवतं सी-४ पद्धतीने अन्न तयार करतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी या सगळ्यांची तीच तऱ्हा. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर काम करून ती उलगडून दाखवली. कार्बन डायऑक्साइड आधी एका पेशीत पकडायचा, मग शेजारच्या पेशीत दाटीवाटीने कोंबायचा, म्हणजे पानाची रंध्रं फार वेळ उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाणी वाचतं. परीक्षेत याला पाच मार्क होते. सड्यावर आल्यावर लक्षात आलं की आमचं कुसळी गवत सी-४, मारवेल सी-४, आणि पौष लागला की दोन्ही वाळून खडखडीत. म्हणजे पानाने पाणी वाचवणं हा अर्धाच भाग झाला. वाचवायला खाली काहीतरी असावं लागतं. तुमच्या प्रस्तावांत ‘सी-४ असल्यामुळे दुष्काळ सहन करणारे’ असं वाक्य आलं की मी आता तिथे पेन्सिलीने फुली मारते. रागावू नका.

वाळवंटातल्या झाडांनी पाण्याची चणचण वेगवेगळ्या वाटांनी सोडवली, आणि त्यातली कुठली वाट आमच्या कातळावर चालेल हा खरा प्रश्न आहे. गणपतीच्या पत्रीत आपण जी शमी वाहतो तीच राजस्थानची खेजडी. तिथे तिचा पाला शेळ्या-उंटांना घालतात, लूंग म्हणतात त्याला. ती जगते खोल मुळांवर. वाळूत मूळ हवं तितकं खाली जाऊ शकतं. जांभ्यात ते वीतभर गेलं की डोकं आपटतं, भेग सापडली तर नशीब. तेव्हा खेजडीची वाट आमच्यासाठी बंद.

दुसरी वाट पानफुटीची. ही मूळची मादागास्करची, पण आता आमच्या प्रत्येक गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, आडोशाला आहे. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्याच देशात तिची पानं दिवसभर चाखून बघितली : सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट. त्याने हे लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवलं आणि १८१५ साली ते छापलं गेलं. रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं लावून तो वापरायचा, ही निवडुंगासारख्या झाडांची युक्ती त्या आंबटपणात होती. मी माझ्या लेकीला एका रविवारी हा प्रयोग करायला लावला. सकाळी तिने तोंड वाकडं केलं, संध्याकाळी म्हणाली, हे दुसऱ्या झाडाचं पान आहे, तू फसवतेस. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या दुष्काळी भागात याच युक्तीवर जगणारा बिनकाट्याचा निवडुंग गुरांना घालतात, आपल्याकडेही कोरड्या भागांत त्याची लागवड होते. आमच्या आषाढात त्याची मुळं कुजतील असं मला वाटतं. नुसतं वाटतं. कुणीतरी चार पाती सड्यावर लावून चार महिने बघितली तर मला वाटण्याची गरज उरणार नाही.

तिसरी वाट निसटून जाण्याची. वाळवंटात एक पाऊस पडला की उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होणारी झाडं असतात. आमच्या सड्यावरची सीतेची आसवं, गेंद, तेरडा नेमकं हेच करतात. दीपकाडी कंदात शिरून बसते. पावसाळ्यात सड्यावर फोटो काढायला येणाऱ्या लोकांना फुलं दिसतात, मला ती वाळवंटातल्यासारखी धावपळ दिसते. पण गाईला या धावपळीचा उपयोग नाही. तिला एप्रिलमध्ये काहीतरी हवं.

आणि चौथी वाट, जिच्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पाडी शोधायला सड्यावर गेले होते. दुपारचे चार वाजले असतील. कातळाच्या एका खळग्यात, जिथे पावसात पाणी तुंबतं, तिथे टाचेखाली काहीतरी कुरकुरलं. बोटभर उंचीचं गवत, पानं आत वळून सुतासारखी झालेली, रंग चहाच्या चोथ्याचा. त्याचा एक तुकडा खालच्या चिमूटभर मातीसकट उचलला आणि पदरात घालून घरी आणला. ताटलीत ठेवून त्यावर तांब्याभर पाणी घातलं. सासूबाई चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, “मेलेल्या गवताक कित्याक पाणी घालतंस?” दुसऱ्या दिवशी सकाळी पानांच्या गुंडाळ्या सैल झालेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत बुडाकडून हिरवा रंग वर चढत आला. नवीन कोंब नव्हे, तीच जुनी पानं. सासूबाईंनी ती ताटली उचलून दिव्याजवळ नेली, उलटसुलट करून बघितली आणि काही न बोलता परत ठेवली. नंतर दोन दिवस त्याच त्या गवताला पाणी घालत होत्या.

ते ट्रायपोगॉन नावाचं गवत होतं. पुन्हा जिवंत होणाऱ्या वनस्पतींपैकी एक. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम घाटातल्या अशा ६२ जाती नोंदवल्या आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. साधं झाड पाणी तुटलं की मरतं, कारण पेशीचे पडदे फाटतात आणि प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होतात. ही झाडं वाळायच्या आधी पेशीत साखर भरून घेतात. आमच्या जत्रेतल्या खाज्यावर गुळाचा पाक कसा सुकून काचेसारखा कडक होतो, तसं त्यांच्या पेशीत होतं. सगळं जिथल्या तिथे थिजतं. सोबत काही खास प्रथिनं असतात, आपल्या पिकांमध्ये ती मुख्यतः बी पिकताना तयार होतात. म्हणजे प्रत्येक भाताच्या दाण्यात ही कला आहे. दाणा वर्षभर कोरडा राहून उगवतो, पान मात्र आठवड्यात मरतं. ट्रायपोगॉनने दाण्याची कला पानात आणली. त्याच्याच जवळच्या गोतातलं ओरोपेशियम थोमियम हे गवत भारतातही सापडतं. गवतांमधला अतिशय लहान जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, त्याचा, आणि २०१५ मध्ये तो जवळजवळ पूर्ण वाचूनही झाला.

ट्रायपोगॉन गाईला घाला असं मी म्हणत नाही. ते एवढंसं आहे की शेळीसुद्धा त्याच्यासाठी मान खाली घालणार नाही. शिवाय फुकट काही मिळत नाही. जो जीव मरणाची तयारी करण्यात साखर खर्च करतो तो उंच वाढत नाही. पण त्याच खळग्याच्या काठावर मारवेलची ठोंबं आहेत, बारमाही. वरून वाळलेली, बुडाशी जिवंत. वळवाची एक सर आली की काही ठोंबं चार दिवसांत फुटतात, काही तीन आठवडे ढिम्म. माझ्या गाईंना कुठली आधी फुटतात ते माहीत आहे, त्या थेट तिकडेच जातात. या फरकाचं कारण बुडातल्या साखरेत आहे, मुळांत आहे की आणखी कशात, हे शोधणं तुमचं काम. ठोंबं मी दाखवते.

आता माझी चूक सांगते. झाशीच्या चारा संशोधन संस्थेने १९६२ पासून आणि जोधपूरच्या काझरीने, म्हणजे शुष्क प्रदेश संशोधन संस्थेने, त्याच्याही आधीपासून गवतांवर केलेलं काम मोठं आहे. ते वाचून मला अंजन गवताचा मोह झाला. मारवाड अंजन नावाच्या वाणाबद्दल इतकं छान लिहिलेलं होतं. ओळखीतून मूठभर बी मागवलं आणि सड्याच्या कडेला पेरलं. जूनमध्ये तीस ठोंबं मोजली. जुलै संपेपर्यंत निम्म्याहून जास्त पिवळी पडली, उपटली तर मुळं काळी आणि वास मारणारी. कातळावर पाणी बसलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि राजस्थानच्या गवताला ती सवय कुठून असणार? अकरा जगली. ती अकराच्या अकरा गडग्याला लागून होती, जिथे शेणमाती साठून वीतभर उंचवटा झालाय. तेवढ्या एका वितीने त्यांचा जीव वाचवला. आणि ती अकरा मे महिन्यातही बुडाशी हिरवी होती. याला प्रयोग म्हणू नका, ना नोंदी ठेवल्या ना दुसऱ्या वर्षी पुन्हा केला. पण मला त्यातून एवढं कळलं की कोकणाला दुष्काळ सोसणारं गवत नकोय. आधी चार महिने बुडून मग सात महिने होरपळणारं गवत हवंय. तुमच्याकडे या दोन गोष्टींचे विभाग वेगळे, प्रकल्प वेगळे, आणि बहुधा चहाची वेळही वेगळी.

असं गवत शक्य आहे का? भाताने थोडी आशा दाखवली आहे. ओडिशाच्या एका जुन्या वाणातलं सब१ए हे जनुक २००६ मध्ये ओळखलं गेलं. त्याने भाताचं रोप दोन आठवडे पाण्याखाली तगतं. २००९ मध्ये स्वर्णा-सब१ आपल्या शेतकऱ्यांपर्यंत आला. आणि २०११ मध्ये असं दिसलं की तेच जनुक पाणी तुटल्यावरही रोपाला सावरायला मदत करतं. पुराची आणि अवर्षणाची किल्ली काही ठिकाणी एकच असू शकते. गवतांत कुणी ही किल्ली शोधतंय का?

अंजनाबद्दल दुसरी भीतीही मनात आहे, आणि ती पेरल्यानंतर आली, आधी यायला हवी होती. हेच गवत अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटात चाऱ्यासाठी नेलं आणि आता तिथे ते मोकाट पसरलंय. दोन झाडांमधली मोकळी जागा त्याने भरली, त्यामुळे जिथे कधी वणवा लागत नव्हता तिथे लागतो आणि मोठमोठे निवडुंग जळतात. आपल्याकडे कच्छमधल्या बन्नीच्या कुरणात १९६०च्या दशकात वेडी बाभूळ लावली ती वाळवंट आणि खार थोपवायला, तिने कुरणच गिळलं. आमच्या सड्यावर वणव्याला आधीच कारण लागत नाही. एक विडी पुरते. आणि दीपकाडीसारखी जी झाडं कोकणातल्या या सड्यांपलीकडे जवळजवळ नाहीतच, त्यांच्या खळग्यात मी बाहेरचं गवत घुसवलं तर पोटखराबा म्हणणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय? म्हणून गेली दोन वर्षं मी त्या अकरा ठोंबांचे तुरे बी धरायच्या आधी कोयतीने उडवतेय. एक चुकला तरी वारा आहेच.

खाडीकडच्यांचं दुःख वेगळं, त्यावर एक परिच्छेद पुरे नाही पण लिहिते. खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताचा, बांध फुटला की भातशेतीत खारं पाणी शिरतं आणि पुढची काही वर्षं पेंढाही नाही. तिवर या खाडीतल्या कांदळवनाच्या झाडाचा पाला म्हशी खातात. कच्छमध्ये खाराई उंट तर पोहत जाऊन तिवरं चरतात. तिवराचं पान उन्हात चाटून बघा, मिठाचे कण जिभेला लागतात, कारण नको असलेलं मीठ ते पानावाटे बाहेर टाकतं. एल्युरोपस लॅगोपॉइडिस नावाचं बुटकं गवतही हेच करतं, आणि ते वाळवंटाच्या खाऱ्या जमिनीतही आहे आणि आपल्या किनाऱ्यावरही. वाळवंट आणि कोकण यांच्यात एक गवत आधीच ये-जा करतंय आणि आपण अजून पावसाचे आकडे पुढे करून बसलोय.

मागणं फार नाही. चाऱ्याची एक चाचणी सड्यावर घ्या, कातळावर, पंपाशिवाय. तिच्यात आधी इथलीच गवतं असू देत, मारवेल, पवन्या आणि ज्यांना माझ्या गाई ओळखतात पण मी नाही अशी. उत्पादन ऑगस्टमध्ये मोजू नका. ऑगस्टमध्ये आमच्याकडे छपरावरही गवत येतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मोजा, भले मूठभर निघालं तरी. आणि मोजताना वजनाबरोबर गाईलाही विचारा. कपिला लहान चणीची गाय, मोठ्या संकरित गाईपेक्षा तिला कमी लागतं, तेव्हा तुमच्या तक्त्यातलं एका जनावराचं खाणं कुठल्या गाईचं धरलंय तेही एकदा तपासून बघा.

यायचं असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात या, दुपारी तीननंतर. पायात चांगल्या चपला घाला. राहायची सोय होईल, आंबेही असतील. सासूबाईंना तो खळगा माझ्याआधीपासून माहीत होता, हे मला मागच्या वर्षी कळलं. लहानपणी त्या मैत्रिणींबरोबर तिथे पाणी ओतून पैजा लावायच्या. त्या दिवशी चुलीपाशी मला मुद्दाम तसं विचारलं, असं म्हणाल्या. खरं-खोटं देव जाणे.

आपली,
सड्यावरची एक गोठेवाली,
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग

ता. क. : अंजनाची ती अकरा ठोंबं यंदा उपटून टाकू की ठेवू, एवढं मिरगाच्या आधी कळवलंत तर बरं होईल. एकदा पाऊस लागला की ती उपटायला जड जातात.